एकास शहात्तर

डूगल गेडिसच्या घरी एका खोलीला दार नाही.
दार आत आडवं आहे, चार घडवंच्यांवर:
बिजागऱ्यांच्या खाचा लांबी भरून बुजवलेल्या,
आणि कुलपाचं भोक होतं तिथे आता
तळं.

अकरा मैलांची लाइन साडेसहा फुटांत बसवायची
म्हणजे आधी काय टाकायचं ते ठरवावं लागतं.
दोन पूल गेले.
मधलं एक अख्खं स्टेशन गेलं,
जिथे तसंही कुणी उतरत नसे
पाद्री सोडला तर, आणि तोही चुकून.

राहिलं ते शेवटचं, ग्लेनार्डिख.
एक फलाट, गुरं चढवायचा धक्का,
स्लेटच्या छपराची एक खोली,
आणि रूळ संपतात तिथे दोन आडवे ओंडके.
त्यांच्यापलीकडे नुसता डोंगर.

खऱ्या जागी आता सुट्टीला येणाऱ्यांचं घर आहे.
गुरांच्या धक्क्यावर गरम पाण्याचा टब,
त्यात ग्लासगोची माणसं
हनुवटीपर्यंत बुडून डोंगर बघतात.
डूगलनं तेही टाकलं.

चहाचा चोथा वाळवून, चाळून केलेली माती.
ब्रशचे केस कापून लव्हाळी.
हेदरसाठी बायकोचा जांभळा स्वेटर, बारीक कातरून;
ती तो अजून शोधते आहे.
मेंढ्या सतरा.
एनियस मकफी म्हणतो, अठरा हव्यात.
एनियस याच लाइनवर फायरमन होता.
त्याला सगळं आठवतं,
आणि जे आठवत नाही ते जास्तच ठामपणे.
स्टेशनच्या दाराच्या रंगावरून दोघं
नोव्हेंबर ते फेब्रुवारी बोलले नाहीत.

पाऊस तेवढा जमेना.
दोरा, काचेचे तंतू, कशानंच नाही.
मग एका रात्री डूगलनं फलाटाला
वॉर्निशचा पातळ हात दिला,
छपराला दुसरा, आणि वरचा दिवा लावला.
"आत्ताच थांबलाय," मागून एनियस म्हणाला.
चार महिन्यांतलं पहिलं वाक्य.

डोंगराला उजवीकडे भोक आहे.
गाडी त्यातून जाते: इंजिन, एक डबा,
मासळीची एक वाघीण.
मागे, प्लायवूडच्या आभाळाआड,
डूगल स्टुलावर बसलेला.
इंजिन उचलतो, उलटं फिरवतो,
चाकांवर फुंकर मारतो, घड्याळ बघतो,
वेळ झाली की परत सोडतो.
इथून निघालेले सगळे जिथे जात
ते सगळं जग म्हणजे
एक म्हातारा आणि बिस्किटांचा पुडा.

मे महिन्यात गावच्या सभागृहात मांडलं.
पोरांनी मेंढ्या मोजल्या.
मिस रेनी काठी टेकत आली, वय एक्क्याण्णव,
चष्म्यावर चष्मा धरून बराच वेळ वाकून राहिली.
"छान आहे. पण इथे सायकल होती."
कुठे?
"या भिंतीला. माझी.
सकाळच्या गाडीनं एल्गिनला गेले, नर्सिंग शिकायला,
शनिवारी परत येणार होते.
आले ती बाराव्या वर्षी. बसनं.
लाइनच नव्हती."
आणि सायकल?
"कुणी नेली असेल. चांगली होती."

ज्याला सगळं आठवतं तो एनियस
तेव्हा आपल्या बुटांकडे बघत होता.

जूनमधे, पावसाचं वॉर्निश पुन्हा देताना,
तो एकदम म्हणाला, "हिरवी.
मागचा मडगार्ड वाकलेला, डावीकडे."
डूगलनं ब्रश खाली ठेवला.
काही विचारलं नाही.

फ्यूजच्या तारेची केली, तेवीस मिलिमीटर.
आरे नाहीत, असल्याचा भास आहे.
एनियसनं भिंग धरलं, रंगावरून एक शब्द काढला नाही,
मडगार्ड सुईनं स्वतः वाकवला.

सगळं चिकटवलेलं आहे त्या दारावर:
मेंढ्या, कुंपण, पोर्टर, त्याचा कंदील.
सायकल नुसती टेकवली आहे.
डूगलनं गोंदाची बाटली उघडली तेव्हा
एनियसनं त्याचा हात धरला.
"राहू दे," म्हणाला,
"तिला न्यायची असली तर?"